पन्नास तास आणि ५३ − २७

प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आहे. आकडा ऐकला की शाळेत कपाळावर आठ्या उमटतात. पण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा पाठाच्या तयारीसह किमान ४५ तासांचा धरलेला आहे. त्या हिशेबाने अख्ख्या वर्षातून मागितला जातो तो एक आठवडा आणि वर एक सकाळ. हे काही फार नाही. धोरणाने त्याच वाक्यात असंही म्हटलं आहे, की हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावेत. अंमलबजावणीत पन्नासचा आकडा तेवढा टिकला. आवडीचा भाग मधल्या मध्ये गळाला.

हे तास यापुढे मोठ्या प्रमाणावर ऑनलाइनच भरले जाणार, हे उघड आहे. राज्यातल्या काही लाख शिक्षकांना दरवर्षी सभागृहात बसवायचं तर प्रवासभत्ता, जेवण, तज्ज्ञांचं मानधन आणि बुडणारे शाळेचे दिवस यांचा खर्च कुणालाच झेपणारा नाही. त्यामुळे ‘ऑनलाइन की ऑफलाइन’ हा वाद आता शिळा झाला आहे. वाद घालायचा तर तो मोजायचं काय, यावर घालायला हवा. आज मोजली जातात ती पाहिलेली मिनिटं, सोडवलेल्या प्रश्नमंजुषा आणि डाउनलोड झालेली प्रमाणपत्रं. हे असंच राहिलं, तर पुढचं पोर्टल कितीही देखणं आलं तरी वर्गात काडीचा फरक पडणार नाही.

‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षण व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालं. ‘निष्ठा’ हे शिक्षकांसाठीचं देशव्यापी प्रशिक्षण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलं तेव्हा ते समोरासमोर घेतलं जात होतं. कोविडमुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून ते दीक्षावर गेलं. प्राथमिकसाठी १८ कोर्स, मग माध्यमिकसाठी निष्ठा २.०, त्यानंतर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी १२ कोर्सचं निष्ठा ३.०. बहुतेक कोर्सची घडण सारखीच: तीन-चार तासांचा ऐवज, काही व्हिडिओ, काही वाचन, एखादी कृती आणि शेवटी प्रश्नमंजुषा. ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र, आणि त्यासाठी तीन संधी.

पुढे काय झालं ते शिक्षकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटाला माहीत आहे. कोर्सची लिंक आली की पाठोपाठ उत्तरांची पीडीएफ येऊ लागली. यूट्यूबवर ‘अचूक उत्तरे’ सांगणारे व्हिडिओ तयार झाले. व्हिडिओ म्यूट करून फोन चार्जिंगला लावायचा आणि इकडे शालेय पोषण आहाराची नोंद भरायची, ही पद्धतच पडून गेली. कुणाची प्रगती शंभर टक्क्यांच्या अलीकडेच अडायची. कुणाची दोन खाती निघायची, एक जुन्या मोबाइल नंबरचं आणि एक राज्याच्या लॉगिनचं, आणि अर्धा कोर्स एकीकडे, अर्धा दुसरीकडे. तालुक्याच्या गटावर ‘अपूर्ण’ शिक्षकांची यादी पडली, की केंद्रप्रमुखांचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे, फोन सुरू. त्या फोनमध्ये ‘कोर्समधलं वर्गात काय करून पाहिलंत?’ हा प्रश्न नसतो. ‘सर, तेवढं पूर्ण करून टाका ना’ एवढंच असतं.

यावरून शिक्षक कामचुकार आहेत असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. तो निष्कर्ष आळशी आहे. व्यवस्थेने प्रमाणपत्र मागितलं, शिक्षकाने कमीत कमी वेळात प्रमाणपत्र दिलं आणि वाचलेला वेळ मुलांना किंवा दुसऱ्या एखाद्या लिंकला दिला. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षक रस्त्यावर येतात, त्यामागे हाच हिशेब असतो.

शिक्षकाला नेमकं काय शिकायची गरज असते, हे एका उदाहरणाने पाहू. तिसरीतली मुलं हातच्याची वजाबाकी करताहेत. शिक्षकाने फळ्यावर ५२ − २७ दिलं आणि दहा मुलांनी उत्तर ३५ काढलं. चूक कोणती? काही मुलांनी एककात मोठ्यातून लहान वजा केला: ७ − २ = ५, आणि दशकात ५ − २ = ३. बाकीच्यांनी दशक सुटा केला, १२ − ७ = ५ केलं, पण दशकाच्या घरातला ५ कमी करून ४ करायचं विसरले. दोघांचंही उत्तर ३५. पहिल्या मुलाला दशक सुटा करायची कल्पनाच पोचलेली नाही. दुसऱ्याला ती पोचली आहे, फक्त नोंद राहिली. दोघांवरचा उपाय अगदी वेगळा, आणि हे गणित तो भेद दाखवूच शकत नाही. कारण एककातल्या अंकांमध्ये ५ चा फरक आहे, आणि तसा फरक असला की दोन्ही चुकांतून एककाच्या घरी ५ च येतो.

आता त्याजागी ५३ − २७ द्या. मोठ्यातून लहान काढणारा ३४ लिहील, दशक कमी करायचं विसरणारा ३६ लिहील. अंक एकच बदलला, पण वहीवर नजर टाकताच वर्गाचे दोन गट समोर येतात. गणित शिकवणाऱ्याच्या कामाचं हे ज्ञान आहे. ते फार अवघड नाही, पाच मिनिटांत समजतं, आणि समजल्यावर त्याच दिवशी वापरता येतं. नेहमीच्या प्रशिक्षणात मात्र ‘मूर्त साधनांचा वापर करावा’ आणि ‘बालस्नेही वातावरण ठेवावे’ एवढंच असतं. शेवटच्या प्रश्नमंजुषेत विचारतात: ‘अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय?’

हे ज्ञान पडद्यावरून पोचू शकतं का? पोचू शकतं. पण कळणं आणि वर्गात हातवळणी पडणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते तोडायला कुणीतरी सोबत लागतं. दक्षिण आफ्रिकेत म्पुमलंगा प्रांतात प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याबाबत एक दीर्घ प्रयोग झाला. काही शाळांत मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात येत, काही शाळांत शिक्षकांना टॅबलेट आणि फोनवरून मार्गदर्शन मिळे. पाठयोजना दोन्हीकडे त्याच. पहिल्या वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ बरोबरीचे वाटले. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा प्रत्यक्ष भेटींचा गट स्पष्ट पुढे होता, आणि फोनवरच्या गटात मुलांच्या मातृभाषेतल्या वाचनावर उलट परिणाम दिसला. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरच यशाचं पत्रक निघतं, म्हणून हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसतं ऑनलाइन स्वस्त पडतं, पण त्याची किंमत उशिरा कळते.

उलट बाजूही नीट मांडायला हवी. समोरासमोरची प्रशिक्षणं म्हणजे सोनं होतं, अशी हळहळ अलीकडे ऐकू येते. ते खरं नाही. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला असा आशय खाली येताना दर पायरीवर पातळ होत जायचा. राज्यस्तरावर पाच दिवसांत शिकलेलं केंद्रावर दीड दिवसात उरकलं जायचं, आणि सुलभकाच्या हाती असायची कुणाची तरी पीपीटी. ऑनलाइनने निदान तो आशय थेट शिक्षकापर्यंत आणला. लहान मूल घरी असलेल्या शिक्षिकेला मुक्कामी प्रशिक्षणातून सुटका मिळाली. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही इयत्ता पडतात. वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा असलेल्या राज्यात ही अडचण किरकोळ नाही.

महाराष्ट्राच्याच अनुभवात एक धडा आहे. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा विभाग) शाळा पाहायला २०१५ च्या आगेमागे राज्यभरातून शिक्षक जात होते, कित्येक जण पदरमोड करून. तिथे त्यांना भाषण ऐकायचं नव्हतं. आपल्यासारख्याच जिल्हा परिषद शाळेत, आपल्यासारख्याच मुलांबरोबर दुसरा शिक्षक काय करतो, हे त्यांना पाहायचं होतं. शिक्षक स्वखुशीने कशासाठी धावतात, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. पडद्यावरून न्यायचं असेल तर हे न्यावं: खरा वर्ग, त्यातला गोंधळ, चुकलेली मुलं आणि त्या चुकीवर शिक्षकाने केलेली नेमकी कृती. स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे उभ्या तज्ज्ञाचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान नको.

प्रस्ताव असा: ऑनलाइन प्रशिक्षणाला कोर्सच्या चौकटीतून बाहेर काढावं आणि केंद्राच्या दोन शिक्षण परिषदांच्या मधल्या महिन्यात बसवावं. केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची दर महिन्याची ही परिषद म्हणजे महाराष्ट्राची तयार जागा आहे. आज तिथे बराच वेळ सूचना, माहितीची मागणी आणि सत्कार यांत जातो. त्यातला फक्त दीड तास राखून ठेवायचा.

वजाबाकीचंच चक्र घेऊ. परिषदेआधीच्या आठवड्यात तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी मुलांकडून सहा उदाहरणं सोडवून घ्यायची: ५८ − २३, ५३ − २७, ६० − ३४, ४१ − ८, ४०३ − १७६ आणि एक शाब्दिक: रमाकडे ५३ चिंचोके, सलीमकडे २७, तर रमाकडे किती जास्त? पहिलं बिनहातच्याचं आहे. ते चुकलं तर गाडी फारच मागे आहे. ४१ − ८ मध्ये ४७ आलं की मोठ्यातून लहान, ४३ आलं की दशक कमी केला नाही. ४०३ − १७६ चं उत्तर ३२७ आलं, तर मुलाने शून्याचे नऊ केले पण शतक कमी केलं नाही. शाब्दिकात ८० आलं, तर ‘जास्त’ शब्द दिसताच बेरीज केली. शिक्षकाने असे दहा कागद सोबत आणायचे, नावाची बाजू दुमडून. बैठकीत चार-चार जणांनी बसून चुकांप्रमाणे कागदांचे ढीग करायचे. कुणी व्याख्यान द्यायचं नाही. ढीग करतानाच निम्मं प्रशिक्षण होतं, कारण ‘हा कोणत्या ढिगात?’ यावर खरी भांडणं तिथेच होतात.

दुसऱ्या आठवड्यात आठ मिनिटांचा एक व्हिडिओ, शक्यतो शेजारच्याच तालुक्यातल्या वर्गाचा. ३६०पी दर्जात ठेवला तर तो साधारण ४० एमबीच्या आत बसतो आणि रेंज असलेल्या गावात एकदा उतरवून घरी पाहता येतो. व्हिडिओत एकच गोष्ट: दहा काड्यांचा गठ्ठा सोडला, त्या क्षणाला फळ्यावर ५ खोडून ४ आणि ३ च्या जागी १३ लिहिलं. इथेच बहुतेक वर्गांत घसरतं. सोमवार-मंगळवार काड्या, बुधवारी काड्या कपाटात आणि फळ्यावर उभी मांडणी. दोन्हींचा सांधा मुलाला दिसतच नाही, मग त्याच्यासाठी काड्या हा एक खेळ आणि वजाबाकी हा दुसरा खेळ ठरतो.

तिसऱ्या आठवड्यात शिक्षकाने आपल्याच पाठाचा तीन मिनिटांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा. व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो अर्ध्या एमबीच्या आसपास जातो. पाठवायचा फक्त आपल्या जोडीदार शिक्षकाला. अधिकाऱ्याला नाही, गटावर तर मुळीच नाही. ऐकताना एकच पाहायचं: प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबलो. शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यास मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर हे पटायला दुसऱ्या कुणाच्या उपदेशाची गरज राहत नाही.

चौथ्या आठवड्यात तीच सहा उदाहरणं, आकडे बदलून. ५३ − २७ च्या जागी ६४ − ३८ चालेल. ६३ − ३८ चालणार नाही, तिथे पुन्हा पाचाचा फरक आला. पुढच्या परिषदेत नवे ढीग, आणि नोंद एका ओळीची: कोणत्या चुकीची किती मुलं होती, आता किती आहेत. बस्स. दोन्ही बैठका, व्हिडिओ, पाठाची तयारी आणि ऐकणं मिळून सुमारे पाच तास होतात. परीक्षा, दिवाळी आणि निवडणुकीची कामं वगळता वर्षात अशी सहा चक्रं निघतात, म्हणजे ३० तास. उरलेले २० शिक्षकाने आपल्या आवडीने भरावेत: कुणी ‘स्वयं’ या सरकारी पोर्टलवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम करेल, कुणी बोलीभाषेतलं शब्दसंकलन करेल, कुणी विज्ञानाचे प्रयोग जमवेल. धोरणातला गळालेला भाग तेवढाच परत येईल.

यात काय बिघडेल तेही दिसतंय. राज्यात मंजूर केंद्रं ४,८६० आहेत, पण केंद्रप्रमुखांची पदं मोठ्या प्रमाणावर रिकामी राहत आली आहेत. एकाकडे दोन-तीन केंद्रांचा प्रभार असतो. अशा माणसाकडून वर्गभेटीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. केंद्रातल्याच एका अनुभवी शिक्षकाला महिन्यातून दोन दिवस वर्गमुक्त करून हे काम द्यावं लागेल, आणि त्या दोन दिवसांसाठी त्याच्या वर्गाची सोय लेखी आदेशात असावी लागेल. नाहीतर मुलं वाऱ्यावर. दुसरा धोका जास्त चिवट आहे: ढिगांची एका ओळीची नोंद जिल्ह्याच्या डॅशबोर्डवर गेली आणि केंद्रांची क्रमवारी लागली, की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांच्या चुका कागदावर शून्य होतील. ही नोंद केंद्राबाहेर जाता कामा नये. वरून तपासायचंच असेल, तर डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) विषय सहायकाने महिन्याला चिठ्ठी टाकून दोन शाळा निवडाव्यात आणि तिथे बसून स्वतः सहा उदाहरणं घ्यावीत.

‘मग जबाबदारी कशी ठरवणार?’ हा प्रशासनाचा प्रश्न रास्त आहे. पण आत्ताची व्यवस्था तरी काय ठरवते? सेवेच्या बारा आणि चोवीस वर्षांनी मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठीचं प्रशिक्षण २०२२ मध्ये दोन हजार रुपये शुल्क घेऊन एका खासगी कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर ऑनलाइन झालं. चुकीचे ईमेल आणि न उघडणारी लॉगिनं यांतच कित्येकांचे पहिले दिवस गेले. २०२५ मध्ये ते पुन्हा समोरासमोर घेतलं गेलं. माध्यम बदललं, हेतू तोच राहिला: वेतनश्रेणीसाठी लागणारा कागद. पैसा ज्या कागदाला जोडलेला असतो, तो कागद माणसं मिळवतातच. त्यातून शिकवणं बदलल्याचं सिद्ध होत नाही. वेतनश्रेणी जोडायचीच तर ती बारा वर्षांतल्या चक्रांच्या सहभागाला जोडावी, आणि त्या सहभागाला जोडीदार शिक्षकाची सही पुरावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडं, कारण पुढची निविदा तिच्याच नावाने निघणार. सहाच्या जागी साठ उदाहरणं हव्या त्या प्रकारची बनवणं, मुलांची उत्तरं टाइप करून दिली तर चुका वेगळ्या काढणं, मराठी उताऱ्याची तीन पातळ्यांवर सोपी रूपं करणं, ही कामं ती आत्ताच बऱ्यापैकी करते. मात्र पाचाच्या फरकाची खबरदारी तिला सांगावी लागते, आणि ती सांगायची तर आधी शिक्षकाला ठाऊक असायला हवी. पस्तीस मुलं एकाच वेळी अहिराणी, पावरी किंवा मालवणीत बोलत असताना वर्गाच्या ध्वनिमुद्रणावरून ‘अध्यापनाची गुणवत्ता’ काढून देण्याचा दावा जो करेल, त्याच्याकडून आधी नंदुरबारमधल्या धडगावच्या एका वर्गात प्रात्यक्षिक मागावं. वैयक्तिक डिजिटल माहितीचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम ठेवतो. सबब व्हिडिओत फळा, काड्या आणि हात दिसावेत, चेहरे नकोत.

प्रत्येक तालुक्यात दोन केंद्रं घेऊन जुलै ते फेब्रुवारी हे करून पाहायला नव्या पोर्टलची गरज नाही, नव्या ॲपचीही नाही. एक शासन परिपत्रक लागेल, ज्यात चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतील: परिषदेतले दीड तास दुसऱ्या कोणत्याही विषयाला द्यायचे नाहीत, सहा चक्रांचे तास ५० मध्ये धरले जातील, त्या आठ महिन्यांत या केंद्रांना दुसरा कोणताही सक्तीचा कोर्स लावला जाणार नाही, आणि ढिगांची माहिती कुणीही, कोणत्याही लिंकवर मागणार नाही. चारांतलं तिसरं कलम मिळवणं सर्वांत अवघड जाईल. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या विभागाचं, संस्थेचं किंवा दिनविशेषाचं प्रशिक्षण शाळांच्या दारात उभं असतं, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आज गटशिक्षणाधिकाऱ्यालाही नाही.